नऊ दिवसांचे देणे

माझ्या आयुष्याची बत्तीस वर्षे रूळ तपासण्यात गेली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात देशाच्या आगगाड्यांसाठी रूळ घडतात, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. तापून लाल झालेले पोलाद रुळांच्या आकारात लाटले जाते, ते निवते, सरळ केले जाते आणि मग तपासणीसाठी आमच्यापुढे येते. वरून पाहावे तर प्रत्येक रूळ सारखाच निर्दोष दिसतो. परंतु वितळलेल्या पोलादात हायड्रोजन वायूचा अंश राहून गेला असेल, तर पोलाद निवताना त्याच्या पोटात केसासारखे बारीक तडे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे कधीतरी, धावत्या गाडीच्या भाराखाली, असा रूळ अकस्मात मोडतो. म्हणून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी रुळात सोडून त्याचे अंतरंग तपासावे लागते. 'वरून दिसते त्यावर भरवसा ठेवू नका,' असे मी आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या मुलांना नेहमी बजावीत असे.

इतरांना हा धडा देणाऱ्या माझ्याच घरात एक आतला तडा नऊ दिवस वाढत होता आणि मला तो दिसला नाही. त्या नऊ दिवसांचे देणे माझ्या मुलाने दोन वर्षे फेडले. ही हकीकत मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. आता सांगतो, कारण हाडाच्या जंतुसंसर्गाविषयी घरोघर जे अज्ञान आहे, ते माझ्या वेळी होते त्याहून फारसे कमी झालेले मला दिसत नाही.

गोष्ट १९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यातली. छत्तीसगढ राज्य तेव्हा व्हायचे होते; भिलाई मध्य प्रदेशात होती. आपल्याकडे जी दिव्याची अवस, तोच छत्तीसगढातला हरेलीचा सण. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळी धुऊन त्यांची पूजा करतात आणि मुले बांबूच्या उंच गेंडीवर चढून चिखलातून चालतात. आमच्या घरी आई दिवे उजळीत होती आणि माझा दहा वर्षांचा मुलगा शेजारच्या पोरांबरोबर गेंडीवर चढून गल्ली पालथी घालीत होता. संध्याकाळी तो पडला. गुडघ्याखाली थोडे खरचटले. रडला नाही, उलट हसत घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो जरा लंगडू लागला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. 'पडला आहे, मार बसला आहे. आणि ताप काय, पावसाळ्याचाच,' असा आम्ही दोन्ही गोष्टींचा वेगवेगळा उलगडा केला. माझी पत्नी म्हणाली, "अहो, पाय लावूसुद्धा देत नाही तो. मार बसलेला पाय असा दुखतो का?" मी म्हणालो, "मुका मार आहे. चार दिवस दुखणारच." हे माझे वाक्य मला आजही ऐकू येते. तिने जे पाहिले होते ते अचूक होते. मी जे बोललो ती केवळ माझी समजूत होती.

मग जे सर्वत्र होते तेच झाले. ओळखीच्या एका मालिशवाल्याने कोमट तेल लावून पाय चोळला. त्या वेळी मुलाने फोडलेली किंकाळी ऐकून शेजारीपाजारी जमले. एका डॉक्टरांनी हिवताप समजून गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी मी क्ष-किरण चित्र काढून आणले. त्यात हाड शाबूत होते. मोडलेले नाही हे कळताच मला इतका आनंद झाला की, येताना मी पावशेर पेढे घेतले. ते पेढे खाण्याइतकीही शुद्ध मुलाला नव्हती.

नवव्या दिवशी पहाटे त्याची नडगी सुजून तकतकीत झाली होती आणि तो बडबडू लागला होता. रिक्षात घालून आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात नेले. तेथील अस्थिशल्यज्ञांनी पायास हात लावण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग एका बोटाने गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, हलकेच दाबले. मुलगा कळवळला. त्यांनी मला विचारले, "अंगावर कोठे गळू, फोड झाला होता का?" मला काही आठवेना. मुलाची आई म्हणाली, "मानेवर झाला होता. पंधरा दिवस झाले असतील. फुटून बरा झाला." डॉक्टरांनी मान हलविली. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. हाडातून वाटीभर पू निघाला.

या रोगाला वैद्यकात अस्थिमज्जाशोथ म्हणतात. आमच्या विदर्भातील जुनी माणसे त्याच्या जुनाट अवस्थेला हाड्याव्रण म्हणत. हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी आपली कल्पना असते. ती चुकीची आहे. हाड जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जा आहे, झीज व भर यांचा व्यवहार अखंड चालू आहे. वाढत्या वयाच्या मुलांत लांब हाडांच्या टोकांपाशी, जेथे हाडाची वाढ होते त्या भागालगत, सूक्ष्म रक्तवाहिन्या वळसा घेऊन मागे फिरतात. नदीच्या वळणावर पाणी संथ होऊन गाळ साचावा, तसा तेथे रक्ताचा वेग मंदावतो. अंगावरील फोडातून, खाजवलेल्या चाव्यातून किंवा घशातून रक्तात शिरलेला एखादा जंतू तेथे थांबतो आणि ठाण मांडतो. लहानसा मार बसून तेथील पेशी दुखावल्या असतील, तर त्याचे काम आणखी सोपे होते. म्हणूनच अशा मुलांचे आईवडील 'पडला होता' असे सांगतात. पडणे खोटे नसते. पण सारा दोष त्या पडण्यावर टाकला की शोध तेथेच संपतो.

हा जंतू बहुधा एकाच घराण्यातला असतो. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर तो निरुपद्रवीपणे राहत असतो. हाडात शिरल्यावर मात्र त्याला विलक्षण सोयीची जागा मिळते. मऊ मांसात पू झाला तर सूज पसरायला जागा असते. हाडाच्या कठीण भिंतींआड तशी जागा नाही. दाब वाढत जातो, रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त न मिळाल्याने हाडाचा तुकडा मरतो. मग पू हाड फोडून वरच्या आवरणाखाली येतो आणि ते आवरण हाडापासून सोलून काढतो. तो वेदनेचा कळस.

आणि आता त्या पेढ्यांविषयी. पाचव्या दिवशीचे क्ष-किरण चित्र खोटे बोलले नव्हते. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. हाड मोडले आहे काय, एवढेच ते त्या दिवशी सांगू शकत होते. जंतुसंसर्गाने हाडात होणारे बदल साध्या क्ष-किरण चित्रात उमटावयास सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर चित्र स्वच्छ असते आणि रोग मात्र आपले काम करून चुकलेला असतो. चुंबकीय अनुनादाने काढलेले चित्र, म्हणजे ज्याला आज सर्वजण एमआरआय म्हणतात, ते पहिल्या काही दिवसांतच आतला दाह दाखविते. रक्तातील तांबड्या पेशी तळाला बसण्याचा वेग आणि सीआरपी नावाचे प्रथिन यांच्या साध्या तपासण्याही संशय पक्का करतात. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी पाठविणे फार महत्त्वाचे असते. पू किंवा हाडाचा नमुना मिळाला तर आणखी चांगले. कोणता जंतू आहे व तो कोणत्या औषधाला वठणीवर येतो, हे कळल्यावाचून दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. अर्थात मूल अत्यवस्थ असेल तर नमुना घेऊन त्याच क्षणी औषध सुरू करतात; निकालाची वाट पाहत बसत नाहीत.

इस्पितळात त्याच्या रक्ताची आणखी एक तपासणी झाली, तिचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. ती सिकलसेलची. आमच्या भागात, छत्तीसगढात आणि लगतच्या विदर्भातही, हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवले आहे. या दोषात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखू लागतात. माझ्या मुलाला तो दोष नव्हता. परंतु शेजारच्या खोलीत दुर्ग जिल्ह्यातील एका खेड्यातली बारा वर्षांची मुलगी होती, तिला होता. तिची मांडी यापूर्वी अनेकदा दुखली होती आणि दरवेळी पाणी व औषध घेऊन बरी झाली होती. या खेपेस दुखणे थांबेना, ताप उतरेना. सिकलसेलच्या रुग्णांत नेहमीची कळ आणि हाडातला जंतुसंसर्ग यांतील फरक ओळखणे भल्याभल्यांना अवघड जाते. शिवाय अशा रुग्णांच्या हाडात विषमज्वराच्या कुळातले साल्मोनेला जंतूही घर करतात. म्हणून ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, तेथे ताप आणि एकाच जागी टिकून राहिलेले दुखणे यांना 'नेहमीचेच' म्हणून घरी ठेवू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तिच्या तपासणीत आपले रक्त तपासून घेण्यात संकोच कसला?

शस्त्रक्रियेनंतर मुलाचा ताप उतरला आणि आम्ही निश्चिंत झालो. दीड महिन्याने तो घरी आला. गणपती त्याने इस्पितळाच्या खिडकीतून ढोल ऐकत काढले होते. दिवाळी तरी घरी होईल असे वाटले. दिवाळीच्या सुमारास नडगीवर एक बारीक छिद्र पडले आणि त्यातून पाणी झिरपू लागले. ते कधी सुकायचे, आठवडाभराने पुन्हा वाहायचे. आयुर्वेदाने ज्याला नाडीव्रण म्हटले, तेच ते. मला वाटले, घाण बाहेर पडते आहे, बरेच आहे. दर वेळी छिद्र बंद झाले की आम्ही देवापुढे साखर ठेवीत असू. एकदा छिद्र बंद असताना त्याला सणकून ताप आला, तेव्हा कळले की वरून भरलेली जखम आत भरलेली नसते.

डॉक्टरांनी मला क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून दाखविले. नडगीच्या आत एक पांढरा, स्पष्ट कडांचा तुकडा वेगळा दिसत होता. "हे मेलेले हाड," ते म्हणाले. "त्याला रक्त नाही. औषध रक्तातून जाते. जेथे रक्तच नाही तेथे ते कसे पोहोचणार? जंतू त्या तुकड्यावर चिकट पापुद्र्याची चादर पांघरून बसले आहेत. हा तुकडा आत असेतोवर कितीही औषध द्या, झरा आटणार नाही." शरीराने मात्र आपल्या परीने शहाणपण केले होते. मेलेल्या तुकड्याभोवती त्याने नव्या हाडाचे म्यान घडविले होते. ते म्यान पुरेसे बळकट होईपर्यंत थांबावे लागले, नाहीतर तुकडा काढताच पाय मोडला असता. १९९५ च्या उन्हाळ्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली. बोटाएवढा तो तुकडा मी पाहिला. शिंपल्यासारखा पांढरा, कडेने किडलेला. माझ्या नऊ दिवसांचा हिशेब त्यात होता.

त्या वॉर्डातील दीर्घ मुक्कामात मी आणखी एक गोष्ट पाहिली, जी भिलाईच्या माणसाला विशेष वाटावी. समोरच्या खाटेवर अपघातात नडगी मोडलेला एक ट्रकचालक होता. हाड कातडी फाडून बाहेर आले होते. रस्त्यावर जमलेल्या लोकांनी जखमेत हळद आणि माती भरली होती. हाड सडले, सडलेला भाग कापून टाकावा लागला, आणि आता त्याच्या पायाभोवती पोलादी कड्या होत्या. त्या कड्यांना ताणलेल्या तारा हाडातून आरपार गेल्या होत्या. दिवसातून चार वेळा तो स्वतःच पान्याने नट पाव फेरा फिरवी. दिवसाला एक मिलिमीटर या गतीने त्याचे हाड लांब होत होते.

ही युक्ती गावरील इलिझारोव या सोव्हिएत शल्यज्ञाची. पश्चिम सैबेरियातील कुर्गान या गावात, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, जखमी पायांच्या माणसांवर उपचार करताना त्याला ती सुचली. हाड सावकाश व नियमाने ताणले तर त्या फटीत नवे हाड वाढते, हे त्याने दाखवून दिले. मॉस्कोने पुष्कळ वर्षे त्याच्याकडे दुर्लक्ष केले. उंच उडीतील ऑलिंपिक विजेता वालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला; अनेक शस्त्रक्रियांनी बरा न झालेला त्याचा पाय १९६८ मध्ये इलिझारोवने सांधला, तेव्हा देशाचे लक्ष कुर्गानकडे गेले. भिलाईचा कारखाना ज्या सोव्हिएत सहकार्यातून उभा राहिला, त्या १९५५ च्या कराराची आणि १९५९ साली पेटलेल्या पहिल्या झोतभट्टीची आठवण आमच्या गावात आजही काढली जाते. तेथून येथे यंत्रे आली, आराखडे आले. आणि कुर्गानच्या कड्याही, उशिरा का होईना, आल्या. ट्रकचालकाला मी हे सांगितले तेव्हा तो नट फिरविता फिरविता म्हणाला, "म्हणजे हा पायही भिलाईचाच म्हणा!"

त्याच्या पायाची कथा आणखी एक धडा देऊन गेली. हाड बाहेर आलेल्या जखमेत हळद, तेल, माती, राख यांपैकी काहीही घालू नये. वरची घाण स्वच्छ पाण्याने धुऊन जावी, जखम धुतलेल्या कापडाने झाकावी, पाय फळीला हलकेच बांधावा आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे. अशा जखमेत पहिल्या तासाभरात प्रतिजैविकाची सुई मिळाली, तर हाडाचा पुढचा वनवास बहुधा टळतो. बाहेर आलेले हाड आत ढकलण्याचा पराक्रम कोणी करू नये.

औषधाविषयी दोन शब्द. प्रतिजैविके निघण्यापूर्वी या रोगात मुलांचे प्राण जाणे नित्याचे होते. जी वाचत, त्यांना वाहता पाय घेऊन जन्म काढावा लागे. उपाय किती टोकाचे होते पाहा: पहिल्या महायुद्धात रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत अळ्या झाल्या असूनही जखमा निरोगी आहेत, हे पाहिलेल्या विल्यम बेयर या अमेरिकन शल्यज्ञाने पुढे हाडाच्या जुनाट व्रणांवर निर्जंतुक अळ्या सोडण्याचा उपचार रूढ केला. पेनिसिलीन आले आणि चित्र पालटले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पेनिसिलीन देशात बनू लागले, तेव्हा आपल्या पिढीला ती एक संजीवनीच वाटली. परंतु जंतूही स्वस्थ बसत नाहीत. आज पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सर्वत्र आहेत, आणि त्यापुढील औषधांनाही दाद न देणारे पुष्कळ आहेत. दुकानातून परस्पर दोन दिवसांच्या गोळ्या आणून खाणे, ताप उतरला की त्या बंद करणे, ही त्या जंतूंना दिलेली शिकवणीच होय.

या रोगात औषध लांब चालते. वेळेवर ओळखलेल्या मुलाला पहिले काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने, असे सुमारे तीन ते चार आठवडे औषध बहुधा पुरते. प्रौढांत ते साधारणतः सहा आठवडे चालते. पूर्वी सारा काळ सुया घ्याव्या लागत. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाने असे दाखविले की, योग्य औषध निवडले तर प्रौढ रुग्णांत पोटातून दिलेल्या गोळ्याही सुयांइतक्याच गुणकारी ठरतात. गोरगरीब कुटुंबाला याने मोठा दिलासा आहे. मात्र गोळ्या आल्या म्हणून नियम सैल झाला असे नव्हे. उलट आता तो सांभाळण्याची जबाबदारी परिचारिकेकडून घरच्या माणसांकडे आली आहे. आमच्या घरी मुलाच्या आईने भिंतीवरील कालनिर्णयावर प्रत्येक मात्रेची खूण केली. तिच्या त्या खुणांनीच दुसऱ्या शस्त्रक्रियेचे यश टिकले असे मी मानतो.

हाडाचा क्षय हा याच घरातला, पण वेगळ्या स्वभावाचा शत्रू. तो धावत येत नाही, चोरपावलांनी येतो. पाठीच्या मणक्यात, खुब्यात किंवा गुडघ्यात महिनोन्‌महिने राहणारे, विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री जागविणारे दुखणे, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेले वजन, अशी त्याची चिन्हे. पायांतली शक्ती कमी होऊ लागली तर एक दिवसही दवडू नये. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. हाडाच्या क्षयात ती वर्षभर किंवा अधिक काळ घ्यावी लागतात. तसेच मधुमेही माणसाच्या तळपायावरील न दुखणारी जखम. दुखत नाही म्हणूनच ती घातक. आठवड्यांमागून आठवडे ती भरत नसेल, तर खाली हाडापर्यंत वाट गेली आहे काय, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. आणि हाडात पट्टी वा सांधा बसविलेल्या जागेवरची जखम नव्याने वाहू लागली, तर वर मलम लावून समाधान मानू नये.

परंतु या लेखातील एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी अशी माझी इच्छा आहे. मुलाला ताप आहे आणि तो एखाद्या पायावर भार टाकीत नाही किंवा एखादा हात हलवीत नाही. एवढी दोन चिन्हे एकत्र दिसली, की पडला होता की नव्हता याचा काथ्याकूट न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तान्हे मूल सांगू शकत नाही. ते एक पाय हलविनासे होते, लंगोट बदलताना आक्रोश करते. अशा अंगास तेल चोळू नये, शेकू नये, कामट्यांनी आवळू नये. आणि क्ष-किरण चित्र चांगले आले म्हणून पेढे वाटू नयेत.

१९९६ च्या पावसाळ्यापर्यंत माझ्या मुलाचा पाय पूर्ण कोरडा झाला. वाढीच्या जागेला धक्का पोहोचल्याने तो पाय दोन सेंटिमीटर आखूड राहिला. उजव्या बुटाचा तळ तो जाड करून घेतो. धावण्याच्या शर्यतीत मात्र तो पुन्हा कधी उतरला नाही. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे, नोकरीनिमित्त पुण्यास असतो. मला त्याने कधी बोल लावला नाही. एकदा मीच विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हते." ते खरे आहे. पण माझ्या पत्नीला माहीत नसूनही दिसले होते, हेही खरे आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी शोधले असते, तर पुरे होते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही पुण्यास असताना माझ्या सहा वर्षांच्या नातीला ताप भरला आणि दुपारपर्यंत ती लंगडू लागली. मुलाने कचेरीतून फोनवर एवढेच विचारले, "पाय टेकते का?" नाही म्हणताच तो तडक घरी आला आणि तासाभरात आम्ही इस्पितळात होतो. रक्त तपासले, सांध्याचे चित्र काढले, रात्रभर नजरेखाली ठेवले. सकाळी डॉक्टर हसत म्हणाले, "काही नाही. सर्दीपडशानंतर खुब्याला थोडी सूज येते कधीकधी, ती आपोआप जाते. उगाच घाबरलात."

मी मुलाकडे पाहिले. तो नातीला कडेवर घेऊन, जाड तळाच्या बुटावर तोल सावरीत उभा होता. "उगाच घाबरलो हे बरे झाले," तो म्हणाला. येताना वाटेत मी गाडी थांबवायला सांगितली आणि पावशेर पेढे घेतले. या खेपेस ते सर्वांनी खाल्ले.